दारू सोडलेल्या वैमानिकाच्या विमानात बसाल का?

(युवा शिबिरात एका व्यसनमुक्ती समुपदेशक कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



काल माझं सत्र संपल्यावर प्रश्नांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या मी खोलीवर नेल्या आणि रात्री वाचत बसले. बरेच प्रश्न दरवर्षीचेच होते. गुटखा सुटत नाही, काय करू. भावाच्या खिशात गोळ्यांची पाकिटं सापडतात, घरी सांगू का. एक चिठ्ठी मात्र वेगळी निघाली. नाव नव्हतं. लिहिलं होतं, "मॅडम, तुम्ही म्हणता व्यसन हा आजार आहे आणि बऱ्या झालेल्या माणसाला त्याचं काम परत मिळालं पाहिजे. मग दारू सोडलेल्या वैमानिकाच्या विमानात तुम्ही बसाल का? खरं सांगा."

'खरं सांगा'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आज मी मोबाईलच्या सवयीवर बोलणार होते. ते राहू द्या, संध्याकाळी गटात बोलू. ही चिठ्ठी ज्याने किंवा जिने लिहिली, त्याने माझी नस बरोबर पकडली आहे. दारू सोडलेल्या शिंप्याला त्याचं शिवणयंत्र परत द्या, असं म्हणायला काय जातं? चुकलाच तर एखादा सदरा बिघडेल. वैमानिकाच्या पाठीमागे दीडशे-दोनशे माणसं पट्टे बांधून बसलेली असतात. तेव्हा सगळ्यात अवघड उदाहरणच घेऊ.

८ मार्च १९९०. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातलं फार्गो शहर. तिथून नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एक विमान सकाळी मिनियापोलिसला निघालं. फ्लाइट ६५०, बोईंग ७२७, आत ९१ प्रवासी. त्या विमानात पुढे तिघे बसत: कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर. हे तिघेही आदल्या रात्री नदीपलीकडच्या मूरहेड गावातल्या एका बारमध्ये पीत बसले होते. कॅप्टनचं नाव लाइल प्राऊस. तो रम आणि डाएट कोक घेत होता, डझनाच्या वर पेले झाले. बारमधल्याच कुणीतरी एफएएला, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियंत्रण खात्याला, फोन केला. सकाळी निरीक्षक विमानतळावर पोचला, या लोकांशी बोललासुद्धा, आणि तरीही विमान उडालं. मिनियापोलिसला सुखरूप उतरलं. तिथे तिघांना अटक झाली. उतरून काही वेळ गेल्यावर रक्त तपासलं, तेव्हाही प्राऊसच्या रक्तात अल्कोहोलचं प्रमाण ०.१३ टक्के होतं. नियमाची मर्यादा ०.०४. शिवाय उड्डाणाच्या आधी आठ तास दारू घ्यायची नाही, हा नियम वेगळाच.

देशभर बोभाटा झाला. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांना आठवडेच्या आठवडे खाद्य मिळालं. खटला उभा राहिला तेव्हा बचावाचा एक मुद्दा असा होता, की प्राऊस इतका सराईत पिणारा आहे की एवढ्या दारूचा त्याच्यावर फारसा परिणाम होतच नाही. (आमच्या केंद्रात येणारे अर्धे नवरे हेच म्हणतात: "मला चढत नाही हो.") ज्यूरीने ते मानलं नाही. प्राऊसला १६ महिने आणि बाकी दोघांना प्रत्येकी १२ महिने कैद झाली. नोकरी गेली, वैमानिकाचे सगळे परवाने गेले.

प्राऊस तेव्हा ५१ वर्षांचा होता. त्याचे आईवडील दोघेही दारूत बुडालेले. तो अर्धा कोमांची, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातीतला. साधा शिपाई म्हणून मरीन दलात शिरला, तिथे वैमानिक झाला, व्हिएतनामच्या युद्धात लढाऊ विमानं चालवली आणि मग प्रवासी विमानांवर आला. अटकेनंतर तो व्यसनमुक्तीच्या उपचाराला गेला आणि तिथून पुढे त्याने दारूला हात लावला नाही. तुरुंगातून सुटल्यावर उडायचं तर सगळे परवाने पहिल्या इयत्तेपासून पुन्हा मिळवायला हवे होते. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाने एक-एक लेखी परीक्षा पुन्हा दिली, छोट्या विमानापासून पुन्हा सुरुवात केली. १९९३ मध्ये नॉर्थवेस्टचे प्रमुख जॉन डॅसबर्ग यांनी त्याला परत घेतलं. ज्या कंपनीची त्याने अब्रू घालवली होती, त्याच कंपनीने. १९९८ मध्ये तो बोईंग ७४७ चा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. ज्यांनी शिक्षा सुनावली होती, त्या न्यायाधीश जेम्स रोझेनबॉम यांनीच पुढे त्याच्या माफीच्या अर्जाला पाठिंबा दिला आणि जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. फ्लाइट इंजिनिअर जोसेफ बाल्झरसुद्धा पुढे दुसऱ्या मोठ्या विमान कंपनीत वैमानिक झाला.

इथे तुम्ही टाळ्या वाजवाल, म्हणून थांबवते. मला या गोष्टीत त्याच्या माफीपेक्षा आदला दिवस महत्त्वाचा वाटतो. ७ मार्च १९९०. त्या दिवशी प्राऊसकडे वैध परवाना होता, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र होतं, वीसेक वर्षांची नोकरी होती. त्याच्या विमानात बसणाऱ्या कुणालाही काही विचारावंसं वाटलं नसतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याने मला विचारलं, दारू सोडलेल्याच्या विमानात बसाल का. मी उलट विचारते, दारू न सोडलेल्याच्या विमानात तुम्ही किती वेळा बसला असाल? तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही.

आता तो उपचाराला आधीच का जात नाही, ते बघा. अमेरिकेचा नियम असा आहे, की वैमानिकाला दारूचं व्यसन आहे असं निदान झालं की त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र जातं. ते परत हवं तर निदान दोन वर्षं एक थेंबही घेतलेला नाही याचा पुरावा द्यावा लागतो. नियम ऐकायला चांगलाच आहे. पण त्याचा अर्थ घरात काय होतो? डॉक्टरकडे गेलास की दोन वर्षं पगार बंद, कदाचित कायमचा. मग तो जात नाही. त्याची बायको बोलत नाही, कारण घराचे हप्ते आहेत. शेजारी बसणाऱ्या सहवैमानिकाला सकाळी वास येतो, तोही बोलत नाही, कारण मित्राच्या मुलांची तोंडं आठवतात. आपण याला माणुसकी समजतो.

१९७४ मध्ये तिथल्या वैमानिकांच्या संघटनेने, एअर लाइन पायलट्स असोसिएशनने, या मौनावर उपाय शोधायला घेतला. दारूच्या आजारावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेकडून अनुदान मिळवलं आणि एक अभ्यास सुरू केला. त्याचं नाव ह्यूमन इंटरव्हेन्शन मोटिव्हेशन स्टडी, बोलताना 'हिम्स'. अभ्यास म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे कायमची व्यवस्था झाली. एरवी एकमेकांशी भांडणारे तीन पक्ष त्यासाठी एका टेबलावर बसले: संघटना, कंपनी आणि एफएए.

काम कसं चालतं, हे जरा सविस्तर सांगते, कारण 'दुसरी संधी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळाभेट येते. इथे गळाभेट कमी आणि कागद जास्त आहेत. एखाद्या वैमानिकाबद्दल शंका आली, किंवा तो स्वतःहून बोलला, की आधी त्याला उड्डाणावरून उतरवतात. त्याच्याशी बोलायला जाणाऱ्यांत बहुधा असा एक वैमानिक असतो, ज्याने स्वतः दारू सोडलेली आहे. त्याच्यासमोर थापा चालत नाहीत, कारण त्या सगळ्या त्याने स्वतः मारलेल्या असतात. मग साधारण महिनाभर निवासी उपचार. नंतर गटाच्या बैठका. मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी, स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांच्या वेगळ्या चाचण्या, कारण दारू मेंदूवर खुणा ठेवून जाते. या कामाचं खास प्रशिक्षण घेतलेला विमान वाहतुकीचा डॉक्टर सगळे अहवाल गोळा करून एफएएकडे पाठवतो. एफएएला पटलं तर ती दोन वर्षं पुरी होण्याआधीही विशेष प्रमाणपत्र देऊ शकते, पण अटींवर. एक सहकारी वैमानिक आणि एक वरिष्ठ अधिकारी त्याच्यावर लक्ष ठेवतात, ठरलेल्या वेळी भेटतात, लेखी अहवाल देतात. आधी न सांगता लघवीच्या, रक्ताच्या तपासण्या होतात. रक्ताची एक तपासणी तर अशी आहे, की गेल्या काही आठवड्यांत नियमित पिणं झालं असेल तर तेही कळतं. हे सगळं अनेक वर्षं चालतं. सुट्टीत, लग्नात, ईदला, नाताळला एक पेला घेतलेला सापडला, की प्रमाणपत्र जातं.

यावर टीका आहे आणि ती तुम्हाला माहीत असावी. काही वैमानिकांची तक्रार आहे, की खर्च फार येतो, आणि एकदा या चक्रात शिरलं की डॉक्टरच्या एका वाक्यावर आयुष्य लटकतं. दुसरी टीका जास्त गंभीर आहे. हजारो वैमानिक या वाटेने कॉकपिटमध्ये परतले आणि त्यातले बहुतेक सावरले, असं हिम्सकडून सांगितलं जातं. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये या व्यवस्थेचा अहवाल दिला. यशाचे हे दावे बाहेरच्या कुणाला पडताळून पाहता येतील इतकी माहितीच उपलब्ध नाही, असं त्या समितीचं म्हणणं होतं. मला हे खटकतं. जी व्यवस्था वैमानिकाला म्हणते 'तुझ्या शब्दावर विश्वास नाही, रक्त दे', तिने स्वतःच्या बाबतीत मात्र शब्दावर विश्वास ठेवा म्हणू नये. तरीही एकूण विचार मला पटतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतही तोच आहे: अशा माणसाला शोधून कामावरून बाजूला करा, आणि उपचार यशस्वी झाले तर परतीचा विचार करता येईल.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे डीजीसीए आहे आणि नियम कडक आहेत. उड्डाणाआधी बारा तास दारू नाही, आणि श्वासाच्या तपासणीत आकडा शून्यच हवा. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. पहिल्यांदा सापडलात तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. मी या यंत्राच्या विरोधात नाही, ते हवंच. पण यंत्र काल रात्रीची दारू ओळखतं, वीस वर्षांची ओळखत नाही. रोज पिणारा माणूस नोकरीच्या भीतीने बारा तास कळ काढतो. यंत्रावर शून्य येतं. आणि त्याच वेळी त्याचे हात थरथरत असतात, घाम फुटलेला असतो, रात्रभर झोप नसते, कारण शरीर दारू मागत असतं. अशी माणसं मी रोज बघते. तीन महिने घरी बसवल्याने हा माणूस बरा होत नाही. तो पुढच्या वेळी जास्त सावध होतो.

गंमत म्हणजे गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ यांच्या बाबतीत आपलाच नियम वेगळा आहे. २०२२ पासून वैमानिकांची अधूनमधून अशा पदार्थांसाठीही तपासणी होते, आणि त्यात पहिल्यांदा सापडलेल्याला आधी व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवायची तरतूद आहे. तपासणी पुन्हा स्वच्छ आली आणि डॉक्टरांनी तंदुरुस्त म्हटलं, की मग काम. दारूसाठी शिक्षेची मोजदाद आणि इतर नशेसाठी उपचार, असं का, ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण दुसरी वाट जास्त शहाणपणाची आहे, असं माझं मत आहे.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, मॅडम, आपला यात काय संबंध, आपल्यात तर दारू हराम आहे. हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकते आहे. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं काम नवं नाही. पुण्यातलं मुक्तांगण डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. पण आपल्या मोहल्ल्यातला माणूस अजूनही उपचाराला येतो तो तिसऱ्या तालुक्यात, आणि फॉर्मवर नाव लिहिताना अडखळतो. हराम आहे म्हणून कुणी पीत नाही असं नाही. हराम आहे म्हणून कुणी सांगत नाही. तुमच्यातले जे मदरशात शिकले आहेत त्यांना माहीत आहे, की मनाई एका रात्रीत आली नव्हती, टप्प्याटप्प्याने आली. माणूस कसा सुटतो हे तिथे लक्षात घेतलेलं आहे. आपण मात्र पहिल्याच दिवशी त्याचं मय्यत उरकून टाकतो.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. माझे अब्बा दुधाचा टँकर चालवायचे, सांगलीकडून मुंबईला. रात्रीचा प्रवास. ते प्यायचे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि ते कुणीही, कधीही मोठ्याने म्हटलं नाही. अम्मी त्यांच्या डब्यात जास्तीचा कांदा द्यायची. मी नववीत होते, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वेलदोडे टाकायचं काम माझं. मालकाचा माणूस दारात आला, की मीच पुढे व्हायचे, "अब्बांची तब्येत बरी नाही." कॉकपिटमधल्या त्या सहवैमानिकाबद्दल मी मघाशी बोलले ना, तो सहवैमानिक मी होते.

एका पहाटे पेठ नाक्याजवळ टँकर दुभाजकावर चढून आडवा झाला. कुणी मेलं नाही. रस्ताभर दूध, आणि लोक कळशा घेऊन धावले. मालकाने अब्बांना काढलं आणि बरोबरच केलं. अम्मीने बांगड्या मोडल्या, मामूंनी त्यांना उपचाराला नेलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. दोन वर्षं ते पूर्ण कोरडे होते. पण ड्रायव्हर म्हणून कुणी उभं करेना. कोण करणार? टँकर आडवा झालेला सगळ्यांनी पाहिला होता. दारू सोडलेली कुणी पाहिली नव्हती, आणि ती दाखवायची सोयही नव्हती. ना कुठली तपासणी, ना लक्ष ठेवणारा सहकारी, ना कुणाची सही असलेला कागद.

मग मामूंनी शाळेच्या मुलांसाठी जुनी व्हॅन घेतली आणि अब्बांना म्हणाले, तू चालव. समोरच्या घरात खाला राहायच्या, त्यांचा मुलगा दुसरीत. त्यांनी मला गाठलं. मी तेव्हा कॉलेजात. म्हणाल्या, "तूच बोल बेटा, बिठाऊं क्या बच्चे कू?"

मी म्हटलं, "बिनधास्त बसवा, खाला. अब्बा आता घेत नाहीत."

त्या म्हणाल्या, "तेव्हाही तूच सांगायचीस, तब्येत बरी नाही म्हणून."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही तो प्रसंग आठवला की कान गरम होतात. चिठ्ठीवर 'खरं सांगा'खाली दोन रेघा ज्याने मारल्या, त्याला मी सांगते: हो, मी त्या वैमानिकाच्या विमानात बसेन, पण त्याने किंवा त्याच्या मुलीने भरवसा दिला म्हणून नव्हे. काल त्याचं रक्त कुणी तपासलं, ते मला माहीत हवं.

खालांनी आठवडाभर मुलाला चालत शाळेत पोचवलं. मग एके दिवशी अब्बांना निरोप धाडला, रोज पावणेसातला माझ्या दारात या, पाच मिनिटं बोला, मग बघू. अब्बांना पहिले दोन दिवस फार लागलं. अम्मीला म्हणाले, "मी काय चोर आहे?" तिसऱ्या दिवशी गेले. "सलाम आलेकुम, भाभी." खाला दारातच उभ्या राहायच्या. पाण्याचं, भाजीच्या भावाचं काहीबाही विचारायच्या, तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांकडे, हातांकडे नीट बघून घ्यायच्या आणि मग मुलाचं दप्तर त्यांच्या हातात द्यायच्या. गल्लीतल्या बाकीच्या आया खिडकीतून बघायच्या. दप्तर हातात गेलं की त्याही आपापल्या मुलांना खाली पाठवायच्या.

पावसाळ्यात एकदा खालांनी त्यांना परत पाठवलं. अब्बांचे डोळे लाल होते, बोलणं जड येत होतं. ताप होता, बाकी काही नव्हतं. अब्बा काही न बोलता घरी आले, चावी मामूंकडे दिली आणि पांघरूण घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी पावणेसातला पुन्हा दारात.